जुन्या गाडीचा एअर फिल्टर : आधी आतली बाजू बघा

सर्व्हिसिंगहून परत आलेल्या जुन्या गाडीच्या बिलावर एअर फिल्टरच्या पुढे बहुतेक वेळा दोनच शब्द असतात : ‘हवा मारली’. ऑइल कुठल्या ग्रेडचं घालायचं यावर मालक गॅरेजवाल्याशी अर्धा तास बोलतो, प्लग घासून चालतील की नवे टाकायचे यावर हुज्जत घालतो, पण फिल्टरला हवा मारली हे ऐकलं की त्याचं समाधान होतं. नव्या गाडीत हे एक वेळ खपून जातं. वीस-पंचवीस वर्षांच्या मारुती ८००, झेन, एस्टीम, पहिल्या पिढीच्या सँट्रो किंवा कुणी हौसेने जपलेल्या पद्मिनीत ते खपत नाही. अशा गाडीचं इंजिन घासलं की आधी रिंग-पिस्टनचा सेट शोधत फिरावं लागतं, आणि बोअर पूर्वी एकदा मोठं केलेलं असेल तर पुढच्या साइझला फारशी जागाही उरलेली नसते.

इंजिन किती हवा ओढतं याचा हिशेब सहसा कुणी करत नाही. एक लिटर पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे अकरा किलो हवा. आपल्याकडच्या उन्हाळी तापमानाला ती नऊ हजार लिटरहून जास्त होते. पुण्याहून कोल्हापूरला जायचं तर सव्वादोनशे किलोमीटर, पंधराच्या ॲव्हरेजने पंधरा लिटर पेट्रोल, आणि त्यासाठी जवळपास एक लाख चाळीस हजार लिटर हवा. वाटेत रस्त्याचं काम, ट्रकच्या मागे उडणारी माती, उसाच्या ट्रॉल्या, सगळं त्या हवेत आलंच.

या धुळीतला सगळ्यात वाईट भाग सिलिकाचा, म्हणजे गारगोटीच्या बारीक भुकटीचा. कठीणपणाच्या मोहस् मापनावर क्वार्ट्झचा आकडा ७ येतो. सिलिंडरचं बीड त्यापुढे मऊ पडतं. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इंजिन खाणारे कण त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही बारीक, ५ ते २० मायक्रॉनचे, म्हणजे रिंग आणि बोअर यांच्यामधल्या ऑइलच्या पापुद्र्यात बरोबर मावतील एवढे. ऑइलमध्ये ही भुकटी मिसळली की गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात त्या पेस्टसारखंच मिश्रण तयार होतं. आधी ते रिंगा आणि बोअर घासतं, मग ऑइलबरोबर खाली चेंबरमध्ये उतरून बेअरिंगपर्यंत पोचतं. ऑइल कमी होणं, सकाळी स्टार्ट करताना निळा धूर, चढाला दम लागणं ही लक्षणं दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

म्हणून फिल्टर किती मळला आहे हे बघण्याआधी धूळ त्याच्या पलीकडे गेली आहे का हे बघायला हवं. मळलेला फिल्टर म्हणजे आपलं काम केलेला फिल्टर. किंबहुना कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो अगदी कोऱ्या फिल्टरपेक्षा जास्त बारीक कण अडवतो, कारण तो थर स्वतःच गाळायला लागतो. कोरा फिल्टर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये त्यातल्या त्यात जास्त कण सोडतो. तेव्हा आठवड्याला फिल्टर काढून झटकणारा हौशी मालक इंजिनावर उपकार करत नसतो.

झाकण उघडल्यावर

कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टरचा डबा बहुतेक कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच बसलेला असतो : गोल पत्र्याचा, वर विंग नट, कडेला क्लिपा. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत प्लास्टिकची पेटी बाजूला असते आणि तिथून जाड रबरी होज थ्रॉटल बॉडीपर्यंत जातो. दोन्हींत काम एकच. झाकण उघडण्याआधी वरची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर उघडताना तीच आत सांडते. फिल्टर सरळ वर उचला, तिरपा करून झटकू नका. तो निघाल्याबरोबर कार्ब्युरेटरच्या तोंडावर स्वच्छ सुती कापड टाका. विंग नटखालचा वॉशर त्या तोंडात पडला तर तो शोधायला मॅनिफोल्ड उतरवावं लागतं.

आता फिल्टरच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथून हवा इंजिनाकडे जाते तिथे, पांढऱ्या कापडाने बोटाने एकदा पुसा. कापड पांढरंच राहिलं तर बाहेरून फिल्टर कितीही राखाडी दिसो, घाबरायचं कारण नाही. सगळीकडे सारखी बारीक माती लागली तर कागद गेलेला आहे किंवा निकृष्ट आहे. आणि एकाच जागी धुळीची रेघ दिसली, डब्याच्या कडेपासून तोंडाकडे आलेली, तर कागद ठीक आहे पण तिथे सील बसत नाही. ही रेघ फार उपयोगी असते, कारण गळती कुठे आहे ते ती नेमकं दाखवते. ती पुसून टाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जुन्या गाड्यांत ही रेघ आढळण्याचं प्रमाण लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. पत्र्याचा डबा वर्षानुवर्षं पाना मारून आवळल्याने किंचित वाकडा झालेला असतो. विंग नट हाताने आवळायचा असतो. पक्कड लावली की झाकण मधोमध दबतं आणि कडा उचलली जाते. नटखालचा रबरी किंवा फायबरचा वॉशर कधीचाच हरवलेला असतो, आणि त्या भोकातून गाळणी न होता हवा आत जाते. प्लास्टिकच्या पेटीची एखादी क्लिप तुटलेली असते आणि तिच्या जागी तार बांधलेली असते. रबरी होजच्या घड्यांमध्ये चिरा पडलेल्या असतात. होज गाडीवर सरळ असताना त्या दिसत नाहीत, काढून वाकवला की तोंड उघडतात. क्लॅम्प सैल असतो. फिल्टर किती भारी कंपनीचा आहे याला इथे काही अर्थ उरत नाही, कारण धूळ त्याला वळसा घालून जाते.

सील तपासायची एक जुनी पद्धत आहे आणि तिला खर्च शून्य. फिल्टरच्या रबरी कडेवर बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. फिल्टर जागेवर ठेवून झाकण नेहमीसारखं बंद करा, लगेच पुन्हा उघडा. पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर ग्रीसची गोल रेघ अखंड उठली पाहिजे. जिथे ती तुटली तिथे फट. झाकण वाकलं असेल तर सपाट पाटावर ठेवून लाकडी हातोडीने हलकेच सरळ करता येतं. प्लास्टिकची पेटी पिचली असेल तर तिला एम-सील लावून फार काळ भागत नाही, भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीची पेटी मिळवणं बरं. वर्षातून एकदा ही परीक्षा घेतली तरी पुरे, पण नवा फिल्टर बसवला की त्याच दिवशी घ्या.

फिल्टर ऑइलने ओला निघाला तर मात्र दोष फिल्टरचा नसतो. इंजिनाच्या ब्रीदरची नळी बहुतेक गाड्यांत फिल्टरच्या डब्यातच सोडलेली असते. रिंगा झिजल्या की ज्वलनातला वायू खाली उतरतो, ऑइलची वाफ घेऊन ब्रीदरमधून वर येतो आणि कागद भिजवतो. गॅरेजच्या भाषेत ‘ब्लोबाय’. कधी कारण साधं असतं : ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेलं, किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह चिकटलेला. ते आधी बघा. ते ठीक असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. ऑइलने ओला झालेला कागद धुळीने चटकन चोंदतो, तो बदलायचाच. पण नुसता बदलत राहणं म्हणजे ताप बघून थर्मामीटर बदलणं. काही गॅरेजवाले ब्रीदरची नळी काढून खाली रस्त्याकडे सोडतात. फिल्टर कोरडा राहतो, दुखणं झाकलं जातं, आणि डब्यात नळीसाठी असलेलं भोक उघडं राहिलं तर तिथून धूळ आत जायला नवी वाट मिळते.

हवा मारणं

गॅरेजमधला कॉम्प्रेसर टायर भरायला आणि पाने चालवायला असतो. त्याचा दाब शंभर पीएसआयच्या वर असतो. त्याचा नोझल कागदाला टेकवून ट्रिगर दाबला की धूळ जोरात उडते आणि बघणाऱ्याला बरं वाटतं. त्याच वेळी कागदाच्या तंतूंमध्ये डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात. बाहेरून आत हवा मारली तर आणखी वाईट : बारीक धूळ कागदातून आतल्या स्वच्छ बाजूला ढकलली जाते. हवा मारायचीच असेल तर दाब तीस पीएसआयच्या आत, नोझल वीतभर लांब, आणि दिशा कायम आतून बाहेर. बहुतेक वेळा तेवढीही गरज नसते; फिल्टर उभा धरून तळहातावर हलकेच चार वेळा आपटला की सुटी माती आणि पाला पडतो. जमिनीवर किंवा टायरवर आपटू नका, रबरी कड चेपते.

कागदी फिल्टर धुवायचा नसतो. पाण्याने नाही, साबणाने नाही, रॉकेल-पेट्रोलने तर मुळीच नाही. ओल्याने कागदावरचं राळेचं लेपन जातं, घड्या एकमेकींना चिकटतात. साफ केलेला फिल्टर पुन्हा बसवण्याआधी अंधाऱ्या जागी आत टॉर्च लावून बाहेरून घड्या बघा. उजेड सगळीकडे मंद आणि सारखा दिसला पाहिजे. टाचणीच्या टोकाएवढा एक लख्ख ठिपका दिसला तरी तो फिल्टर संपला. एकच कागदी फिल्टर दोनदा साफ करावा, तिसऱ्यांदा बदलावा, असं माझं मत आहे. जुन्या लहान गाडीचा फिल्टर काही शे रुपयांना मिळतो. त्यावर काटकसर करून इंजिनाचं काम काढणं परवडत नाही.

किती किलोमीटरला, हा प्रश्न सगळे विचारतात. गाडीच्या पुस्तिकेत त्याचे दोन रकाने असतात, एक पक्क्या रस्त्यासाठी आणि एक धुळीच्या रस्त्यासाठी, आणि आपण सगळे फक्त पहिला वाचतो. पुण्या-मुंबईत चौपदरी रस्त्यावरच फिरणाऱ्या गाडीला दर ५,००० किलोमीटरला उघडून बघणं आणि १५ ते २० हजारांना बदलणं पुरतं. गाडी वर्षाला तीन-चार हजारच चालत असेल तर किलोमीटर विसरा, दोन वर्षांनी बदला. पण घर खडी क्रशरच्या पट्ट्यात असेल, चंद्रपूरकडे कोळशाच्या ट्रकमागून रोज जावं लागत असेल, शेतावर जाणारी वाट काळ्या मातीची असेल किंवा कोकणात जांभ्याच्या लाल धुळीतून येणं-जाणं असेल, तर हे आकडे निम्मे करा आणि तरीही दर महिन्याला एकदा झाकण उघडा. लाल धुळीचा एक फायदा आहे : पांढऱ्या कापडावर ती लपत नाही.

ॲव्हरेजचं काय?

फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, हे विधान दुकानदारापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फिरत असतं. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली याच्या चाचण्या घेतल्या. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर चोंदला तरी इंधनाच्या खपात म्हणावा असा फरक आढळला नाही. हवा कमी आली की गाडीचा संगणक पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. फरक पडला तो पिकअपमध्ये. म्हणजे २००० नंतरची एमपीएफआय मारुती वापरणाऱ्याने फिल्टर बदलून पेट्रोल वाचेल अशी आशा धरू नये. ओव्हरटेक करताना गाडी मोकळी झाल्याचं मात्र जाणवेल.

कार्ब्युरेटरच्या गाडीचं गणित वेगळं. तिला हवा मोजता येत नाही. फिल्टर चोंदला की व्हेन्च्युरीत ओढ वाढते, जेटमधून पेट्रोल जास्त येतं, मिश्रण गडद होतं. बऱ्याच कार्ब्युरेटरांत फ्लोट चेंबरलाही हवा फिल्टरच्या आतूनच मिळते, म्हणून थोडं चोंदणं ते सांभाळून घेतात. फार झालं की प्लग काजळीने काळे पडतात, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज काही टक्क्यांनी घसरतं. पीयूसीच्या मशीनवरही हे दिसतं. बीएस-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि चोंदलेल्या फिल्टरची गाडी ती सहज ओलांडू शकते. तेव्हा पीयूसीत नापास झाल्यावर थेट कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात घालू नका. आधी फिल्टर बघा, मग ट्यूनिंग. उलट क्रमाने केलं तर चोंदलेल्या फिल्टरवर मिश्रण पातळ करून ठेवलं जातं आणि नवा फिल्टर टाकल्यावर गाडी झटके खाते.

एक परीक्षा मात्र करू नका : फिल्टर काढून रस्त्यावर गाडी पळवून बघणं. धूळ तर जातेच, शिवाय कार्ब्युरेटरमधून बॅकफायर झाला तर पत्र्याचा डबा आणि फिल्टर ती ज्वाळा अडवतात. डबा नसला तर ती बॉनेटखाली पसरते.

विकत घेताना

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचा माल अजून मिळतो. जाताना जुना फिल्टर पिशवीत घालून न्या आणि एक पट्टीही न्या. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि उंची, ही तीन मापं जुळली पाहिजेत, आणि त्यातलं उंचीचं माप सगळ्यात महत्त्वाचं. दोन मिलिमीटर बुटका फिल्टर डब्यात मजेत बसतो, झाकणही लागतं, फक्त झाकण त्याला दाबत नाही. ‘सेम आहे, बसेल’ हे दुकानदाराचं वाक्य खरं असतं. सील होईल असं तो म्हणालेला नसतो.

मग हातात घेऊन बघा. घड्या सारख्या अंतरावर, सरळ आणि भरपूर हव्यात. स्वस्त मालात घड्या कमी असतात, म्हणजे कागद कमी, म्हणजे तो लवकर चोंदतो. अंगठ्याने हलकं दाबल्यावर घड्या एकमेकींवर पडायला नकोत. जिथे कागदाची दोन टोकं जोडलेली असतात तो सांधा शोधा आणि गोंद वरपासून खालपर्यंत आहे का ते बघा. लोकल मालात हा सांधा सगळ्यात आधी उघडतो. रबरी कड नखाने दाबली की दबून परत वर यायला हवी. गाडीच्या कंपनीचा माल मिळत असेल तर तोच घ्यावा. न मिळाल्यास बॉश, प्युरोलेटर, एलोफिक अशा फिल्टरच्याच धंद्यातल्या नावांवर जावं. खोका खरा आहे का ते छपाईवरून आणि पार्ट नंबरवरून बघावं, पण खोक्यापेक्षा फिल्टरच्या अंगावर छापलेला नंबर जास्त बोलतो.

बंद पडलेल्या मॉडेलच्या मालाला आणखी एक अडचण असते. कोपऱ्यातल्या फळीवर पंधरा वर्षं पडून असलेला अस्सल फिल्टर बघून आपल्याला खजिना मिळाल्यासारखं होतं. पण त्याची कड पॉलियुरेथेनची असेल तर ती दमट हवेत हळूहळू विरघळत जाते : आधी चिकट, मग चुरा. मुंबई-कोकणच्या हवेत हे जास्त. असा ‘जुना पण नवा’ फिल्टर घेताना कड बोटाने चोळून बघा. चिकटली तर सोडून द्या. तिचे तुकडे सुटले तर ते स्वच्छ बाजूलाच पडणार. माप मुळीच मिळत नसेल तर फिल्टर कापून बसवण्यापेक्षा जवळच्या मापाच्या, सहज मिळणाऱ्या फिल्टरची पूर्ण पेटीच बसवून घेणं चांगलं. त्यासाठी ब्रॅकेट आणि होज यांचं थोडं काम निघतं, पण पुढची दहा वर्षं सुटका होते.

आणि ते लाल-निळे, धुऊन पुन्हा वापरायचे शंकूसारखे फिल्टर? तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचे हे फिल्टर हवा मोकळी सोडतात हे खरं. मोकळी हवा आणि बारीक गाळणी या दोन गोष्टी एकत्र फारशा नांदत नाहीत, हेही खरं. रेसच्या इंजिनाचं आयुष्य हंगामात मोजतात, आपल्याला गाडी नातवापर्यंत न्यायची असते. त्यातून उघडा शंकू बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा ३५ अंशांवरून ६५ वर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, म्हणजे जे कमावलं ते तिथेच गेलं. आवाज मात्र दणदणीत येतो आणि बऱ्याच जणांना तोच पिकअप वाटतो. कुणाकडे तो बसवलेलाच असेल तर धुतल्यावर सावलीत पूर्ण सुकवा, तेल ठरल्याहून जास्त लावू नका. हवा मोजणाऱ्या गरम तारेच्या सेन्सरवर ते उडून बसलं तर गाडी विचित्र वागायला लागते. फोमचे फिल्टर असलेल्यांनीही धुणं-सुकवणं नियमाने करावं, पण जुनाट फोमचा भुगा व्हायला लागला की एक दिवसही तो ठेवू नये.

डिझेल, गॅस आणि पाणी

जुन्या डिझेल जीप आणि ट्रॅक्टरांत कागदाऐवजी ऑइल बाथ असतो : खाली ऑइलची वाटी, वर जाळी. हवा वेगाने ऑइलवर आदळून वळते, जड कण ऑइलात अडकतात, उरलेले ओल्या जाळीत. वाटीवर पातळीची खूण असते. तिच्याखाली ऑइल गेलं तर गाळणी होत नाही. खुणेच्या वर भरलं तर ते डिझेल इंजिनात ओढलं जातं आणि इंधन बंद केलं तरी इंजिन त्या ऑइलवर धावत सुटतं. हा प्रकार ज्याने बघितला आहे तो पुन्हा वाटी काठोकाठ भरत नाही. तळाला चिखलाचा जाड थर बोटाला लागला की ऑइल टाकून द्या, वाटी पुसा, जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण निथळू द्या. ऑइल इंजिनाच्याच ग्रेडचं घाला, जळकं काळं ऑइल नको. ऑइल बाथ मंद गतीत कमी गाळतो, कारण त्याचं सगळं काम हवेच्या वेगावर चालतं. म्हणून जीपमालकांपैकी कुणी कागदी फिल्टरची पेटी बसवून घेतली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. टर्बो डिझेलवाल्यांनी तर धुळीला जास्तच घाबरावं : टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा तिने खाल्ल्या की खर्च फिल्टरच्या शेकडो पट असतो. पेटीच्या तळाला रबराची चिरलेली नळी असेल तर ती आठवड्याला दाबून धूळ खाली पाडायची असते. पुष्कळ लोकांना ती फुटली आहे असं वाटतं आणि ते तिला टेप लावतात.

सीएनजी किंवा एलपीजीचं जुनं किट असलेल्या गाड्यांत फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये गॅसचा मिक्सर घातलेला असतो. तो बसवताना होज कापलेला असतो, म्हणजे दोन सांधे वाढले. ते दोन्ही पांढऱ्या कापडाने तपासा. गॅसवर बॅकफायर जास्त होतात आणि एका जोरदार बॅकफायरने फिल्टर जागेवरून सरकतो किंवा पेटीला तडा जातो, आणि गाडी पुढे नेहमीसारखी चालत राहते. ‘फट्’ असा आवाज बॉनेटखालून आला की त्याच दिवशी झाकण उघडून बघा.

पावसाळ्यात धूळ बसते, पण फिल्टरच्या नळीचं तोंड किती उंचीवर आहे हे मालकाला माहीत हवं. बॉनेट उघडून एकदा बघून ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण सबवेत गुडघाभर पाणी दर वर्षी साचतं. नळीचं तोंड बुडालं की फिल्टर पाणी अडवत नाही. पाणी दाबलं जात नसल्याने सिलिंडरात ते शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी पुन्हा फिरवायची नाही, ढकलून कोरड्यात आणायची आणि आधी फिल्टर बघायचा. कागद भिजलेला असेल तर प्लग काढून सिलिंडर तपासल्याशिवाय स्टार्टर मारू नका. कोरडा असेल तर बहुधा नशीब जोरावर आहे.

बॉनेट उघडून इंजिन धुऊन घेण्याची हौस असेल तर नळीच्या तोंडाला आधी प्लास्टिकची पिशवी बांधा आणि धुतल्यावर आठवणीने सोडा. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला वेगळा त्रास : उंदरांना फिल्टरची पेटी फार आवडते. कोरडी, अंधारी, उबदार जागा आणि घरटं करायला तयार कागद. नळीच्या तोंडावर बारीक तारेची जाळी बसवली तर हवा अडत नाही आणि उंदीर अडतो. जाळीचे डोळे पेन्सिलही जाणार नाही एवढे बारीक असावेत, आणि ती क्लॅम्पने पक्की करावी म्हणजे सुटून आत ओढली जाणार नाही. तरीही सुट्टीनंतर पहिल्यांदा गाडी सुरू करण्याआधी झाकण उघडा. कुरतडलेल्या कागदाचा भुगा आत दिसला तर पेटी आणि होज दोन्ही काढून झटका, आणि नव्या फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहूनच तो बसवा.